समझोता झाला, पुढे काय?
(समुपदेशनाच्या विद्यार्थिनींपुढील भाषणातून)

मैत्रिणींनो, संशोधनपद्धती हा विषय तुम्हाला रुक्ष वाटतो. पण कुटुंब समुपदेशन केंद्राचा एखादा अहवाल काढून बघा. 'समझोता झाला, केस बंद' ही नोंद यशाच्या रकान्यात असते. बाई परत नांदायला गेली. मार थांबला का, हे कुणी विचारलं?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. त्यांतली एखादी आपल्या दारी येते. मग कामाचं मूल्यमापन तिच्या बाजूनं करायला शिका. मारहाण थांबली का? हातात पैसा आहे का? माहेरी जाता येतं का? सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, मात्र तिच्या संमतीनं आणि सासरी सुगावा न लागू देता. तिनं उत्तर द्यायला नकार दिला, तरी मदत थांबता कामा नये.