कैदेतला डाव

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या वर्धा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



सेवाग्रामला पाहुणे आले की आपण त्यांना बापूकुटी दाखवितो आणि जवळच असलेली बांची कुटीही दाखवितो. त्या कुटीत राहणाऱ्या कस्तुरबा कॅरम खेळत असत, असे सांगितल्यास पाहुण्यांना हसू येईल. पण ही गोष्ट खरी आहे, आणि तिची पार्श्वभूमी हसण्याजोगी नाही.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्याच सायंकाळी शिवाजी पार्कवरील सभेत बोलण्यास निघालेल्या बांनाही पकडण्यात आले. दोघांची रवानगी पुण्याच्या आगाखान महालात झाली. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच निवर्तले. दुसऱ्याच दिवशी आपल्या जिल्ह्यातील आष्टी येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. पुढच्या फेब्रुवारीत बापूंचे २१ दिवसांचे उपोषण झाले. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. सुटका केव्हा हे सांगणारे कोणी नाही. बांचे वय सत्तरीपलीकडचे आणि हृदय दुबळे.

अशा त्या वास्तूत बरोबरच्या मंडळींनी खेळ सुरू केले. बॅडमिंटन चाले तेव्हा बा पाहत बसत. कॅरमची मात्र त्यांना स्वतःलाच गोडी लागली. मीराबेन त्यांच्या जोडीदार असत. डाव जिंकला की बा प्रसन्न होत, हरला की मनाला लावून घेत. त्यांच्या शुश्रूषेसाठी तेथे असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापिका त्या याच.

आता गंमत पाहा. शाळेत सक्ती होईपर्यंत आपण व्यायामाकडे वा क्रिकेटकडे कधी फिरकलो नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांच्या सहवासात उभे आयुष्य काढलेल्या बांना उतारवयात, आणि तेही कैदेत, खेळ सापडला!

खेळामुळे कैदेचा विसर पडतो, असे मला म्हणावयाचे नाही. पहारा तोच असतो. पण नजरकैदेत दिवसाचा प्रत्येक प्रहर सरकारच्या स्वाधीन असतो. कोणती सोंगटी मारावयाची, हे मात्र बांच्या हाती होते.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरील राजबंद्यांनी हेच जाणले. फुटबॉल खेळू द्यावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. परवानगी मिळाल्यावर ‘मकाना फुटबॉल असोसिएशन’ स्थापून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामने भरविले. जेथे राज्यकर्त्यांचा कायदाच अन्यायाचा होता, तेथे त्यांनी न्यायाने चालणारे एक मैदान उभे केले. पुढे २००७ साली ‘फिफा’ने या संघटनेला मानद सदस्यत्व दिले.

या विरंगुळ्याने बा वाचल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी महालातच त्यांनी देह ठेवला. गांधीजींची सुटका मे महिन्यात झाली.

आपण स्वतंत्र आहोत, आणि खेळाचे साहित्य आपल्या गावोगावी पोहोचते. मध्यंतरी एका गावी मी ते पाहावयास मागितले. नोंदवहीत कॅरमची नोंद अगदी चोख होती. पाट मात्र मुले मोडतील या भीतीने कपाटात कुलूपबंद. किल्ली ज्यांच्याजवळ होती ते गृहस्थ तालुक्याला गेले होते. पाराजवळ चार-पाच म्हातारी माणसे रिकामी बसली होती. सायंकाळपर्यंत किल्ली आली नाही, तेव्हा मी परतलो.