गौरव समारंभात नाव नसलेली मुले
(ज्ञातिसंघाच्या पुणे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा आताच आपण गौरव केला. त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधीच पुकारली जात नाहीत, त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

नाकारलेल्यांना शाळेत आणण्याचे काम पुण्याला नवे नाही. १८४८ साली भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. पुढे १९३४ मध्ये येथे अंधशाळा निघाली, १९६४ मध्ये बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ उभी राहिली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण मूल तेथे वेगळ्या छपराखाली शिके. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्यताप्राप्त शाळांवर अशा मुलांना इतरांच्या बरोबरीने शिकविण्याचे दायित्व टाकले आहे.

यांतील काही मुलांचे वैगुण्य डोळ्यांना दिसतही नाही. तोंडी विचारले तर उत्तर अचूक. लिहावयास बसविले की अक्षरांची अदलाबदल होते, ओळ सुटते, वेळ संपतो. अशा मुलाला आपण आळशी ठरवितो आणि एका शिकवणीवर दुसरी लावतो. (शिकवणीवाल्यांची त्यात काही हानी होत नाही!) वस्तुतः ही अध्ययन अक्षमता आहे, आणि उपरोक्त अधिनियमातील एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींची तरतूदही त्यात आहे.

मात्र त्यासाठी तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि आपली घरे नेमकी तेथेच अडखळतात. ‘उद्या सोयरिकीच्या वेळी बोलणे निघेल,’ या भीतीने आईबाप कागद करीत नाहीत, आणि केलाच तर तो शाळेलाही न दाखविता कपाटात ठेवतात. वर्षे निघून जातात. मुलाला मात्र आपण मठ्ठच आहोत असे वाटू लागते.

आपल्या विद्यार्थी निधीतील साहाय्य आज केवळ टक्केवारीवर दिले जाते. त्याचा एक हिस्सा तपासणी, विशेष शिक्षक आणि लेखनिक यांच्या खर्चासाठी राखून ठेवावा, असा ठराव आम्ही दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. देणगीदारांची नावे अहवालात अवश्य छापावीत. या साहाय्याच्या अर्जदारांची मात्र छापू नयेत, अशी अट आम्ही ठरावात मुद्दाम घातली आहे. सोयरिकीची भीती एका ठरावाने जाणार नाही, हे आम्ही जाणतो.