घोड्याची चंदी व मेहनत

तुर्कस्तानांतील बोगाझकाले या गांवाजवळ हित्ती लोकांची प्राचीन राजधानी हत्तुशा हिचे अवशेष आहेत. तेथें १९०६ मध्यें सुरू झालेल्या उत्खननांत मातीच्या विटांवर उमटविलेले लेख हजारोंनीं सांपडले. त्यांत राजांचे तह होते, देवांचीं स्तोत्रें होतीं, आणि एका अश्वशिक्षकाची घोडे तयार करण्याची रोजनिशीही होती. या शिक्षकाचें नांव किक्कुली. तो मितन्नी देशाचा, आणि काळ सुमारें ३४०० वर्षांपूर्वींचा. रथाच्या घोड्यांना १८४ दिवस काय खाऊं घालावें, किती चालवावें, केव्हां पळवावें व केव्हां धुवावें, हें त्यानें दिवसवार सांगितलें आहे.

मराठी श्रोत्याला नवल वाटावें अशी एक गोष्ट या लेखांत आहे. फेऱ्यांची संख्या सांगतांना ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द त्यांत येतात. एक, त्रि, पंच, सप्त आणि वर्तन म्हणजे फेरा, हें वेगळें सांगावयास नको. लेख हित्ती भाषेंत, पण धंद्यांतले शब्द संस्कृताच्या कुळांतले. मराठींत नालबंद, चाबूकस्वार हे शब्द फारसींतून आले, तसाच हा प्रकार. विद्या ज्यांच्याकडून येते त्यांचे शब्दही तिच्याबरोबर येतात.

परंतु सहा महिने कशासाठीं? याचें उत्तर घोड्याच्या सांगाड्यांत आहे. माणसाप्रमाणें घोड्याला हांसळीचें हाड नसतें. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानें जोडलेलेच नाहींत; दोन्ही खांद्यांच्या मध्यें त्याची छाती स्नायूंच्या झोळींत टांगल्यासारखी असते. उभ्या घोड्याचा सुमारें ६० टक्के भार पुढच्या पायांवर, म्हणजे या झोळीवर पडतो. झोळी सैल पडली कीं पाठ खोलावते व घोडा ठेंचाळूं लागतो. पुढें ढकलण्याचें काम पुठ्ठ्यांचें व मांड्यांचें. गुडघ्याखालीं मात्र स्नायू जवळजवळ नाहींत. तेथें केवळ हाड व कंडरा.

मेहनतीनें स्नायूंचे नवे धागे फारसे निर्माण होत नाहींत. आहेत तेच जाड होतात. मेहनतीच्या वेळीं ते थोडे झिजतात, आणि विसांव्यांत चंदीच्या पोषणावर भरून निघून पूर्वींपेक्षां किंचित् जाड होतात. म्हणून विसांवा न मिळालेला घोडा भरण्याऐवजीं सुकतो. कंडरा व हाडें यांची गति याहून पुष्कळ मंद. दोन महिन्यांत पुठ्ठे गोल दिसूं लागतात, पण त्या बळाच्या तोडीच्या कंडरा व्हावयास आणखी कित्येक महिने जातात. शर्यतींत एखाद्या घोड्याचा पाय अकस्मात् मोडतो असें पाहणाराला वाटतें. पण पुष्कळदां तो ताण हाडांत आधींपासून सांचत आलेला असतो.

शहरांतील कुटुंबांना घोडा दिसतो तो बहुधा वरातींत. लग्नसराई नसली कीं अशा घोड्याला काम कमी, म्हणून चंदीही बेताची. आणि मुहूर्त जवळ आले कीं मालकाला महिनाभरांत भरलेला घोडा हवा असतो. मग तोबऱ्यांतला दाणा वाढतो, आणि जनावराच्या जिवाला धोका येथेंच उत्पन्न होतो. घोड्याचें जठर लहान, ८ ते १५ लिटरांचें. त्याला ओकतां येत नाहीं. मोकळा सोडला तर तो दिवसाचे १४ ते १६ तास थोडें थोडें चरतो, आणि गवताचें खरें पचन पुढें मोठ्या आंतड्यांत सूक्ष्म जंतूंकडून होतें. एकदम फार दाणा गेला कीं त्यांतला न पचलेला पिठूळ भाग तेथवर जाऊन आंबतो, पोटशूळ उठतो. कित्येकदां खुरांच्या आंतील नाजूक थर सुजून घोडा कायमचा लंगडा होतो.

अगदीं हाडें निघालेल्या घोड्याची गोष्ट आणखी नाजूक. उपाशी शरीरांत दाण्याची साखर एकदम आली कीं रक्तांतील स्फुरद पेशींत ओढलें जातें, आणि खाणें सुरू झाल्यावर तीन ते पांच दिवसांनीं, मालकाला नुकता कोठें धीर येऊं लागला असतां, जनावर कोसळतें. अशा घोड्याला पहिले दहा दिवस दाणा देऊं नये. लसूणघास दर चार तासांनीं थोडी थोडी द्यावी, आणि पशुवैद्याला पहिल्याच दिवशीं बोलवावें.

धडधाकट घोड्याचें मुख्य अन्न गवत. ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारें ८ किलो सुकें गवत लागतें. ६ किलोंच्या खालीं कधींही जाऊं नये. चंदी ही त्यावरची भर. ती एका वेळीं दीड-दोन किलोंहून अधिक नको, आणि दाणा बदलावयाचा तर दहा-चौदा दिवसांत हळूहळू बदलावा. दक्षिणेंत हरभरा भिजवून व कुळीथ शिजवून देण्याची चाल जुनी आहे. इंग्रजींत तर कुळथाला घोड्याचेंच नांव पडलें आहे. ही चाल शास्त्राला धरूनच आहे. स्नायू प्रथिनांचे बनतात, आणि प्रथिनांच्या घटकांपैकीं लायसिन हा घोड्याला सर्वांत आधीं कमी पडतो. जव-मक्यांत तो थोडा, हरभरा-कुळथांत पुष्कळ. मात्र हरभरा वाढवीत गेल्यानें स्नायू वाढत जात नाहींत. गरजेहून जास्त प्रथिनें मूत्रावाटे निघून जातात आणि तबेल्यांत डोळ्यांना झोंबणारा वास तेवढा सुटतो. गव्हाच्या कोंड्यावर पुष्कळांचा फाजील विश्वास असतो. कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतला चुना निघून जातो व जबडा फुगतो. पीठगिरणीवाल्यांचे घोडे असेच पोसले जात, म्हणून इंग्रजींत त्याला गिरणीवाल्याचा रोग असें नांव मिळालें.

याच जातीचा दुसरा रोग युरोपांतील शहरांत ओझ्याच्या घोड्यांना होत असे. रविवारीं काम बंद, चंदी मात्र रोजचीच. सोमवारीं गाडीला जुंपल्यावर थोड्याच वेळांत पुठ्ठे लांकडासारखे ताठ होत, अंगाला घाम सुटे, आणि मूत्र कॉफीच्या रंगाचें होई. तो रंग फुटलेल्या स्नायूंचा. त्याला सोमवार सकाळचा रोगच म्हणत. सुटीच्या दिवशीं दाणा निम्म्याहून कमी करावा, गवत तेवढेंच ठेवावें, आणि घोड्याला मोकळें फिरूं द्यावें, इतकें केलें तरी तो बहुतेक टळतो.

मेहनतीचे पहिले तीन-चार आठवडे नुसता कदम, अर्ध्या तासापासून एका तासापर्यंत. मग दुडकी. त्यानंतर चढण, चढणीनें पुठ्ठे भरतात. उताराला भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून उतरतांना नेहमीं कदमानेंच उतरवावें. जमिनीवर बांबू आडवे टाकून ते ओलांडावयास लावल्यास पाठ व पोट दोन्हीं कामाला लागतात. एकाच बाजूनें गोल फिरविलेला घोडा एकांगी भरतो. मान खालीं लांबवूं द्यावी. लगामानें ती वर ओढून धरल्यास पाठ दबते व केलेले श्रम उलटे पडतात. आणि अंग भरत आलें कीं दोन महिन्यांपूर्वीं नीट बसणारें खोगीर टोंचूं लागतें, तें वेळोवेळीं पाहावें लागतें.

वजनाच्या कांट्याला चरबी व स्नायू दोन्हीं सारखींच. हाताला मात्र फरक कळतो: चरबी मानेच्या माथ्यावर व फासळ्यांवर सांचते आणि मऊ लागते, स्नायू दाबला तर परत उसळतो. म्हणून जाणता मोतद्दार खरारा करतांना मान संपते तेथील उंचवट्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे चाचपून पाहतो. घोडा उतरूं लागला कीं हे खळगे सर्वांत आधीं पडतात, मग कंबर, शेवटीं पुठ्ठे. आणि भरतांना क्रम उलटा, पुठ्ठे आधीं व हे खळगे सर्वांत शेवटीं.