रुग्णांच्या नोंदींची राखण



यंदाच्या खर्चपत्रकात 'दूरप्रवेश सुरक्षा उपकरण' अशी एक बाब आपणांस आढळेल. या उपकरणावर दात्याचे नाव कोरता येत नाही, त्याचे उद्घाटनही झाले नाही. तरीही त्याविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रात्री-अपरात्री जालन्यात अपघातग्रस्त रुग्ण दाखल होतो, तेव्हा त्याचे सीटी स्कॅन छत्रपती संभाजीनगरातील क्ष-किरणतज्ज्ञ घरूनच संगणकावर पाहून अहवाल देतात. मोलाचा वेळ वाचतो. मात्र ज्या दाराने डॉक्टर आत येतात, त्याच दाराने चोरही येऊ शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस कागदावर करावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत रुग्णालयांची देयके हाताळणारी चेंज हेल्थकेअर ही कंपनी ठप्प झाली. हल्लेखोर दूरप्रवेशाच्या दारातूनच शिरले होते. तेथे परवलीच्या शब्दानंतरची दुसरी पडताळणी नव्हती.

आमचे दारही याहून भक्कम नव्हते, हे प्रांजळपणे कबूल करतो. सर्वांना मिळून एकच परवलीचा शब्द होता. उपकरण बसविताना नावांची यादी केली, तेव्हा नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो ठाऊक असल्याचे ध्यानी आले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रोखपालाने स्वतःचाच हिशेब तपासू नये, हा तेथील पहिला धडा. तोच येथे लावला. प्रत्येकास स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द दिला. शिवाय दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी संकेतांक भरावा लागतो. तो मोबाइलमध्येच तयार होत असल्याने रेंज नसतानाही मिळतो. क्ष-किरणतज्ज्ञांस स्कॅन दिसतात, देयके नाहीत. लेखापालास देयके दिसतात, निदान नाही. प्रवेशाची मागणी एकाने करावी, मंजुरी दुसऱ्याने द्यावी. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद होतो. कोण केव्हा आले, काय पाहिले, याची नोंद रोजकीर्दीप्रमाणे राहते व दरमहा तपासली जाते.

आरंभी कुरकुर झाली. "रात्री दोन वाजता मोबाइल बंद पडला तर रुग्णाने थांबायचे का?" असे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून एकदाच वापरता येणारे राखीव संकेतांक प्रत्येक डॉक्टरांस बंद पाकिटात दिले आहेत.

क्षयरोग, वंध्यत्व, मनोविकार. रुग्ण जे सख्ख्या भावालाही सांगत नाही, ते आपल्या विश्वासावर केसपेपरवर लिहू देतो. म्हणून एक नम्र विनंती. ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे कोणाचाही अहवाल परस्पर मागू नये, आणि त्याने नकार दिल्यास राग मानू नये. तो नकार उद्या आपल्याच घरच्या माणसाची अब्रू राखणार आहे.