काचेचा दिवा की सिलिकॉनचा खडा?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, ग्रॅच्युइटी आणि टाळेबंदी यांवर बोलणाऱ्या माणसाने गिटारच्या अँप्लिफायरवर काय बोलावे? परंतु हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तोच आमच्या संघटनेच्या कचेरीत चालून आला.

आमच्या एका सभासदाचा मुलगा गिटार वाजवतो. त्याला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर हवा होता आणि त्यासाठी वडील पतपेढीचे कर्ज काढायला निघाले होते. जामीन म्हणून आमची सही हवी होती. आम्ही सही करण्याऐवजी उपदेश केला. चैनीसाठी कर्ज काढू नये, असे म्हणालो. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अण्णा, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले, हे द्वारसभेत तुम्हीच सांगता ना? पोरगं त्या आपल्या आठ तासांतच वाजवतं."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. अर्ज ठेवून घेतला आणि आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत पुस्तके चाळली, एका जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात बसलो, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. विजेच्या गिटारची तार छेडली की तिच्याखालच्या चुंबकाच्या वेटोळ्यात विजेचा अगदी क्षीण प्रवाह उमटतो. त्याला बळ देणे हे अँप्लिफायरचे काम. शेतातल्या पाटाचे दार आठवा. दार थोडेसे वर-खाली करायला एका हाताचा जोर पुरतो, पण त्या दारातून जाणारे पाणी शेत भिजवते. व्हॉल्व्ह म्हणजे असे विजेचे दार. काचेच्या निर्वात नळीत एक तापलेला ध्रुव असतो. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारचा क्षीण प्रवाह या जाळीवर येतो आणि मोठ्या प्रवाहाला आपल्या तालावर नाचवतो. अशी जाळीची नळी ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली केली. ट्रान्झिस्टर हेच काम घन स्फटिकात करतो. तिथे निर्वात जागा नको, तापवणे नको. तो १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला आणि त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन व शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या लहानपणी शेजारच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खटका दाबल्यावर तो तापेपर्यंत सारी मुले वाट पाहत बसत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि खिशात मावणारा रेडिओ गुराख्याच्या काठीला लटकू लागला. रेडिओतून व्हॉल्व्ह गेला, दूरदर्शन संचातून गेला. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह करायला आरंभ केला आणि लगेच पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे अर्धवाहक भागही. तिथे जुने आणि नवे असे पाठोपाठ आले. मग गिटारवाल्यांनीच ही काचेची नळी अजून का धरून ठेवली आहे? हा हट्ट आहे की त्यात काही तथ्य आहे?

यात तथ्य आहे. मात्र विक्रेते सांगतात तेवढे नाही.

या सभागृहातील ध्वनिक्षेपकाकडून आपली एकच अपेक्षा असते: आम्ही बोलू ते जसेच्या तसे मोठे व्हावे. गिटारच्या अँप्लिफायरकडून तशी अपेक्षा नसते. तो वाद्याचाच एक भाग आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीची पाठ अशी घासतात की तारेला तिचा हलका स्पर्श होत राहावा आणि उपस्वर फुलावेत. जवारी नसलेला तंबोरा बिनचूक असतो, पण मुका वाटतो. व्हॉल्व्हची मौज ही बरीचशी अशा जवारीची मौज आहे.

आवाज बेताचा असेपर्यंत दोन्ही प्रकार आपले काम नीट करतात. फरक पडतो तो अँप्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे रेटले म्हणजे. व्हॉल्व्हचे यंत्र मर्यादा जवळ येताच हळूहळू वाकू लागते. लहरींचे माथे गोलसर दबतात. ट्रान्झिस्टरचे साधे यंत्र शेवटपर्यंत ताठ राहते आणि मग माथा करवतीने कापावा तसा कापते. गोलसर दबलेल्या लहरीत जवळचे उपस्वर अधिक असतात: दुसरा म्हणजे वरचा षड्ज, तिसरा म्हणजे त्यावरचा पंचम. कापलेल्या लहरीत दूरचे, कान कुरतडणारे उपस्वर वाढतात. १९७३ साली रसेल हॅम या अभियंत्याने यावर एक निबंध लिहिला आणि गिटारवाले आजही त्याचा दाखला देतात. मात्र त्याने तपासली होती ती मायक्रोफोनची पूर्वप्रवर्धक यंत्रे, गिटारची नव्हेत. पुरावा द्यावा तर तो नेमका कशाचा आहे हेही सांगावे. औद्योगिक न्यायालयात आम्ही हेच शिकलो.

इतिहास पाहिला तर आणखी एक गंमत दिसते. व्हॉल्व्ह कोणी गोडव्यासाठी निवडलाच नव्हता. त्या काळी दुसरे काही नव्हते! कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर अँप्लिफायर करू लागले, तेव्हा त्यांना स्वच्छ आवाजच हवा होता. फाटका आवाज हा दोष मानला जाई. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली फेंडरच्या बासमन अँप्लिफायरच्या धर्तीवर आपले यंत्र बांधले, आणि तरुण वादकांनी ते पूर्ण उघडून वाजवायला सुरुवात केली. १९६४ साली किंक्स या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला. जो दोष होता तोच गुण ठरला.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीचे उदाहरण आम्हांला विशेष जवळचे वाटते. हा पत्र्याच्या कारखान्यातील कामगार. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी अखेरच्या दिवशी, दुसऱ्याच्या जागी यंत्रावर उभे केले असता त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदात जगभर नाव मिळवले. त्याचा अँप्लिफायर कोणता? त्याच गावात १९६७ साली सुरू झालेल्या लेनीचा, व्हॉल्व्हचा. अपघातग्रस्त कामगाराला अर्जाच्या रकान्यात बसवणारे आम्ही. त्याच्या मनात काय वाजत असते हे विचारायला मात्र विसरतो.

आता दुसरी बाजू. १९६६ साली फेंडरच्या नव्या मालकांनी ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर बाजारात आणले. ते लोकांना रुचले नाहीत आणि काही वर्षांत गुंडाळावे लागले. तेव्हापासून ट्रान्झिस्टरचे नाव बद्दू झाले. परंतु पहिल्या पिढीच्या चुका नातवाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. १९७५ साली जपानच्या रोलँडने जाझ कोरस १२० हा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर काढला. स्वच्छ आवाजासाठी तो आजही नावाजला जातो. ब्लूजचे थोर वादक बी. बी. किंग यांनी कित्येक वर्षे लॅब सिरीजचा ट्रान्झिस्टरचाच अँप्लिफायर वापरला. उलट व्हॉल्व्हचे व्रत घेतलेले पुष्कळ वादक पुढे ट्यूब स्क्रीमर नावाची डबी जोडतात. तिच्या पोटात सिलिकॉनच असते!

मग निवड कशी करावी? आम्ही चार प्रश्न सुचवतो.

पहिला: वाजवणार कुठे? व्हॉल्व्हचा खरा रंग यंत्र रेटल्यावर येतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत ते रेटता येत नाही. वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. पन्नासऐवजी शंभर वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट वाटत नाही. त्याला सुमारे दहापट शक्ती लागते. दुसरा: दुरुस्त कोण करणार? व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. आत चारशे-पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही संधारकात प्राणघातक वीज साठून राहू शकते. घरच्या पेचकसाचे ते काम नव्हे. स्पीकर न जोडता तो चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. परदेशातून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असेल तर आपल्या २३० व्होल्टवर त्याची राखच! तिसरा: व्हॉल्व्ह मिळणार कुठून? आज ते मुख्यतः रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्त्सा आणि चीन येथून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाने निर्यातीवर बंदी घातली आणि जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले. चौथा: उचलणार कोण? ट्रान्झिस्टर म्हणजे हलका, हे मात्र सरसकट खरे नाही. फेंडरचा व्हॉल्व्हचा ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलो, तर रोलँडचा जाझ कोरस सुमारे २८. वजन लाकडाचे आणि स्पीकरचेही असते.

पाचवी गोष्ट प्रश्न नव्हे, परीक्षा आहे. आम्ही त्या मुलाला कारागिराच्या दुकानात नेले. एक व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरचा, अशा दोन अँप्लिफायरवर चादर टाकली. मुलाने गिटार वाजवली आणि कारागीर तार बदलत राहिला. दुकानाची काच थरथरेपर्यंत आवाज चढवला तेव्हा मुलाने व्हॉल्व्ह दर वेळी अचूक ओळखला. आम्ही मनात त्याची माफी मागितली. त्याचे कान खोटे नव्हते. मग आवाज चाळीत चालेल इतका उतरवला. आता तो अडखळला. तीनदा चुकला आणि स्वतःच हसला.

त्याने ट्रान्झिस्टरचा घेतला. कर्ज ठरवल्यापेक्षा पुष्कळच कमी लागले आणि जामीन म्हणून आम्ही सही केली. "व्हॉल्व्हचा मी पुढे घेईनच," असे तो म्हणतो. घ्यावा. त्या दिवशी त्याच्याजवळ मोठी जागा असो, दुरुस्त करणारा असो आणि पैसा त्याच्या स्वतःच्या वादनाचा असो.

बंधुभगिनींनो, वस्तू निवडताना गरिबाला दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, महाग तेच खरे. दुसरा म्हणतो, तुला हे हवेच कशाला? आठ दिवसांपूर्वी आम्ही त्या दुसऱ्या प्रकारात होतो. दोघेही त्याला ऐकू देत नाहीत. त्याच्या कानांवर विश्वास ठेवावा, हिशेब त्याच्यापुढे उघडा करावा आणि निर्णय त्याचा त्याला करू द्यावा, एवढेच आम्ही शिकलो.