वानखेडेच्या बावीस वर्षं आधी



फेब्रुवारी १९८०. वानखेडे स्टेडियमवर भारतीय क्रिकेट मंडळाचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना चालू होता, समोर इंग्लंड. मी तेव्हा शाळेत होतो. १६ तारखेला सूर्यग्रहण होतं, म्हणून त्या दिवशी खेळाला सुट्टी. आमच्या घरी खिडक्या बंद करून आजी जपाला बसली होती आणि मी तिच्याशेजारी बसून दुसऱ्या दिवशी काय होणार याचा विचार करत होतो. पुढे काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. इयान बोथमनं ११४ धावा केल्या, पहिल्या डावात सहा आणि दुसऱ्यात सात बळी घेतले आणि आपण दहा गडी राखून हरलो. माझी कात्रणांची एक वही होती. तिच्यात मी लाल शाईनं लिहिलं : 'एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी. जगात पहिल्यांदाच.'

ते वाक्य खोटं होतं. मला ते कळायला फार वर्षं लागली आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पुरुषांपुरतं ते खरं होतं, जगापुरतं नव्हतं. बोथम पहिला नव्हता, दुसराही नव्हता. जेमतेम सात-आठ महिन्यांपूर्वी, १९७९ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्याच ईनिड बेकवेल यांनी एजबॅस्टनवर वेस्ट इंडीजविरुद्ध ६८ आणि नाबाद ११२ धावा करून सामन्यात दहा बळी घेतले होते. दुसऱ्या डावातली इंग्लंडची एकूण धावसंख्या होती १६४, त्यात त्यांच्या एकटीच्या ११२! आणि त्याही आधी, वानखेडेच्या बरोबर बावीस वर्षं आधी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, मेलबर्नच्या सेंट किल्डा मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सन यांनी ते पहिल्यांदा केलं होतं. आज मी बेटी विल्सन यांच्याबद्दल बोलणार आहे.

जन्म १९२१ चा, मेलबर्नमधला. कॉलिंगवूड ही तिथली कामगारवस्ती. तिथल्या महिला क्रिकेट क्लबात त्या दहाव्या वर्षी खेळू लागल्या. सराव कसा? आईच्या जुन्या पायमोज्यात चेंडू घालायचा, तो कपडे वाळत घालायच्या तारेला टांगायचा आणि बॅटनं मारत राहायचा. गिरगावच्या चाळीच्या गॅलरीत मोज्यात चेंडू बांधून हेच करणारी मुलं आपण पाहिली आहेत, त्यामुळे हे चित्र मला परकं वाटतच नाही. सोळाव्या वर्षी त्या व्हिक्टोरियाच्या संघात आल्या. मग महायुद्ध सुरू झालं आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट थांबलं. फलंदाजाच्या आयुष्यातली विशी म्हणजे पाय आणि नजर एकमेकांना साथ देतात ते वय. ती बरीचशी वाट पाहण्यात गेली.

पहिली कसोटी मिळाली मार्च १९४८ मध्ये, वेलिंग्टनला, न्यूझीलंडविरुद्ध. वय सव्वीस. पहिल्याच सामन्यात ९० धावा आणि दहा बळी. त्या काळात बायकांच्या क्रिकेटला पैसा नव्हता; दौऱ्याचा खर्च खेळाडूंनाच उभा करावा लागे, नोकरीतून रजा घ्यावी लागे. विल्सन यांचं लग्न ठरलेलं होतं, ते क्रिकेटसाठी पुढे ढकललं गेलं आणि अखेर मोडलं. मी हे सांगताना कुणाला हळहळ वाटावी असा माझा हेतू नाही. त्यांनी निवड केली होती, आणि ती निवड पुरुष खेळाडूला कधीच करावी लागत नव्हती, एवढंच मला नोंदवायचं आहे. वर्षभरात, जानेवारी १९४९ मध्ये, ॲडलेडला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १११ धावा केल्या आणि त्याच सामन्यात एका डावात २३ धावांत सहा बळी घेतले.

आता सेंट किल्डा. पहिला दिवस पावसानं खाल्ला. खेळपट्ट्या झाकायची सोय नसण्याचा तो काळ, त्यामुळे खेळ सुरू झाला तेव्हा जमीन ओली होती आणि वर ऊन. ज्यांनी ओल्या विकेटवर खेळ पाहिला आहे त्यांना माहीत आहे, चेंडू पडून थबकतो, मग मनाला येईल तसा उठतो. फलंदाज बॅट आधीच पुढे नेतो आणि झेल जातो. इंग्लंडच्या मेरी डगन यांनी सहा धावांत सात बळी घेतले. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ३८. त्यात विल्सन यांच्या १२. मग त्यांनी चेंडू हाती घेतला. ऑफस्पिन, टप्प्यावर, एकसारखी. इंग्लंड सर्वबाद ३५. विल्सन यांचे सात धावांत सात बळी, त्यात हॅट-ट्रिक. महिला कसोटीतली ती पहिली हॅट-ट्रिक. दोन्ही संघांचे मिळून वीस गडी, धावा फक्त ७३. आणि या पडझडीनंतर, दुसऱ्या डावात त्याच बाईंनी शतक केलं. बरोबर १००. मग पुन्हा चेंडू घेऊन नऊ धावांत चार बळी. सामन्यात सोळा धावांत अकरा बळी! इंग्लंड आठ बाद ७६ वर लटकत राहिलं आणि सामना अनिर्णित सुटला. दोन गडी राहिले होते.

अष्टपैलू म्हणजे काय, हे मला या सामन्यावरून नीट समजलं. नुसता फलंदाज बाद झाल्यावर पॅड काढून बसू शकतो. नुसता गोलंदाज आपली षटकं टाकून सीमारेषेवर जाऊन उभा राहतो. अष्टपैलूचं काम संपत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीप्ती शर्मा ५८ धावा करून आली आणि त्याच संध्याकाळी तिनं पाच बळी घेतले, तेव्हा भरलेलं स्टेडियम आणि घराघरातले पडदे ते पाहत होते. माझी नात पलंगावर उड्या मारत होती. मला मात्र मध्येच सेंट किल्डा आठवलं.

आकड्यांकडे येतो, कारण ते टाळून पुढे जाणं अन्यायाचं होईल. कसोटीत विल्सन यांच्या ८६२ धावा आहेत, सरासरी ५७.४६. बळी ६८, सरासरी ११.८०. फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा किती जास्त, हा अष्टपैलूचा एक ढोबळ ताळा असतो. गॅरी सोबर्स यांचा फरक चोवीसच्या आत-बाहेर. बोथम यांचा पाच. विल्सन यांचा पंचेचाळीसच्या वर जातो. महिलांचं आणि पुरुषांचं क्रिकेट एका तराजूत घालू नये, हे मला मान्य आहे. म्हणून मी कोण श्रेष्ठ असं म्हणत नाही. पण त्यांना 'स्त्री ब्रॅडमन' म्हणत, ते मला खटकतं. ब्रॅडमन यांनी कसोटीत जेमतेम दोन बळी घेतले होते!

आणि हे सगळं किती सामन्यांत? अकरा. बोथम १०२ कसोट्या खेळले. विल्सन दहा वर्षांत अकरा. १९५१ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या महिलांना पुढची कसोटी मिळाली ती १९५७ मध्ये. मधली सहा वर्षं, म्हणजे विल्सन यांच्या वयाची एकोणतीस ते पस्तीस. त्या ऐन भरात असताना सामनाच नव्हता. वगळलं नव्हतं, दुखापत नव्हती, फॉर्म गेला नव्हता. सामनाच नव्हता. मला वाटतं, नोंदवहीत दिसणाऱ्या आकड्यांइतकंच या कोऱ्या जागेकडेही पाहायला हवं. आपल्याकडेही हेच घडलं; महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली, पहिली कसोटी १९७६ मध्ये झाली आणि पुढच्या काळात डायना एडुलजी, शुभांगी कुलकर्णी यांच्या पिढीला दोन मालिकांच्या मध्ये वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

माझी ती वही अजून माझ्याजवळ आहे. लाल शाई फिकट झाली आहे. खाडाखोड केली नाही. खाली पेन्सिलीनं दोन नावं आणि दोन तारखा लिहिल्या.

सेंट किल्डानंतरच्या ॲडलेड कसोटीत विल्सन यांनी १२७ धावा केल्या, ती त्यांची सर्वोच्च खेळी. मग पर्थ, मार्च १९५८, आणि तिथे त्यांची कसोटी कारकीर्द संपली. वय छत्तीस. ऑस्ट्रेलियाच्या महिलांची त्यापुढची कसोटी आली १९६१ मध्ये, डनेडिनला. तीही एकच.