यंत्राची रचना आणि दुरुस्तीचे हात



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची आणि दुसरी गव्हाणीत पहिली मोळी टाकल्याची. नारळ फुटतो, हार पडतात, छायाचित्र छापून येते आणि गळीत हंगाम सुरू होतो. हंगाम संपल्यावर मात्र कारखान्याची आठवण निघते ती उसाच्या बिलापुरती. आज आपण इथे वसंतातल्या संध्याकाळच्या वाऱ्याला बसलो आहोत, आणि याच दिवसांत त्या कारखान्यांच्या मिलघरांत सगळी यंत्रे उघडून पडलेली आहेत. त्यांना कोणी हार घालत नाही. आजचे आमचे बोलणे त्या उघडलेल्या यंत्रांविषयी आणि ती उघडणाऱ्या माणसांविषयी आहे.

कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला की तो पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ते विषय आम्ही सोडलेले नाहीत. परंतु यंत्राचा नकाशा हाही कामगाराच्या जिव्हाळ्याचाच विषय आहे, आणि आपणांपैकी जे ऊस उत्पादक सभासद आहेत त्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात असे: यंत्र किती ऊस गाळते हे जसे विकत घेण्यापूर्वी पाहतात, तसे ते उघडायला किती सोपे आहे हेही पाहिले पाहिजे, आणि हे पाहताना जो ते उघडणार आहे त्याला विचारले पाहिजे.

गुऱ्हाळ आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, आणि तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ देशभर गेला. त्या गुळाचा रस निघे तो चरकातून. लाकडी चरकाचा दात मोडला तर गावचा सुतार तो तिथल्या तिथे नवा करून बसवी. पुढे लोखंडी चरक आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होत. लोखंडी चरक ऊस अधिक घट्ट पिळी. पण तोही असा की, बाहेरच्या बाहेर चार बोल्ट सैल करावेत आणि दोघांनी मिळून लाट उचलून बाजूला ठेवावी. गुऱ्हाळावर यंत्र चालवणारा, दुरुस्त करणारा आणि त्याचे नुकसान सोसणारा, हे तिघे एकाच अंगणात उभे असत. कुठे अडते हे तिघांनाही दिसे.

साखर कारखान्यात हे तिघे एकमेकांपासून दूर गेले. नकाशा काढणारा दुसऱ्याच शहरात बसतो. विकत घेणारे संचालक मंडळ निविदेतला आकडा पाहते. दुरुस्त करणारा फिटर यंत्राच्या खाली असतो, आणि या दोन्ही ठिकाणी त्याला कोणी बोलावत नाही.

ज्यांनी मिलघर आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गव्हाणीतून पुढे गेलेल्या उसाचे आधी फिरत्या सुऱ्यांनी तुकडे होतात. मग फायब्रायझरचे हातोडे त्याचा पिंजून भुसा करतात. त्यानंतर तो एकामागून एक चार-पाच मिलमधून जातो. प्रत्येक मिलमध्ये तीन मुख्य रोलर. दोन खाली, एक वर, त्रिकोणात मांडलेले. वरच्या रोलरवर तेलाच्या दाबाचा भार असतो, त्यामुळे उसाचा थर जाड आला की तो किंचित वर उचलला जातो. खालच्या दोन रोलरांच्या मध्ये ट्रॅश प्लेट नावाची जाड पट्टी असते. पहिल्या जोडीतून निघालेले चिपाड तिच्यावरून सरकत दुसऱ्या जोडीत शिरते. हे सारे दोन्ही बाजूंच्या भक्कम सांगाड्यांत बसवलेले असते. एकेका रोलरचे वजन कित्येक टन. उसाबरोबर माती येते, दगड येतो, कधी लोखंडाचा तुकडा येतो. रोलरचे दात झिजतात, ट्रॅश प्लेट झिजते, बेअरिंगचे ब्रास झिजतात. झिजणे हा या यंत्राचा धर्मच आहे. तेव्हा ते उघडावे लागणार हे नकाशा काढतानाच ठाऊक असते. प्रश्न एवढाच, की त्या वेळी उघडणाऱ्याचा विचार कोणी केला होता काय?

एका कारखान्यातली हकीकत सांगतो. ट्रॅश प्लेटच्या आधाराचा एक बोल्ट तिथे असा बसवला होता की, पाना लावायला माणसाने पोटावर सरपटत सांगाड्याखाली जावे, डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून हातानेच चाचपून बोल्ट शोधावा, पाना थोडासा फिरवावा, काढावा आणि पुन्हा लावावा. तिथला जुना फिटर हे काम बिनबोभाट करी. साहेब म्हणत, ‘आमचा माणूस वस्ताद आहे.’ एका उन्हाळ्यात त्याच्याऐवजी त्याचा मदतनीस खाली गेला. वर साखळीला टांगलेला भाग जरासा घसरला आणि त्या पोराची दोन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर लिहिले गेले: ‘कामगाराची निष्काळजी.’ त्या कागदात नकाशाचा उल्लेख कुठेच नव्हता.

संघटनेने तो कागद मान्य केला नाही. आम्ही फिटर मंडळींना एकत्र बसवले. त्यांनी मिलघराच्या फरशीवर खडूने आकृती काढून दाखवली: हा आधार इथे कापून तिथे घेतला, तर हाच बोल्ट सांगाड्याच्या बाहेरून, उभ्याने सोडवता येईल. पुष्कळ वाटाघाटींनंतर पुढच्या उन्हाळ्यात तो बदल झाला. जे काम एक अख्खी पाळी खाई, ते अर्ध्या पाळीत होऊ लागले. आणि कोणाला पोटावर सरपटावे लागेनासे झाले. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. कसबी कारागीर वाईट नकाशा झाकून टाकतो. तो आहे तोवर यंत्रातला दोष कोणाच्या नजरेस येत नाही. तो नसेल त्या दिवशी तोच दोष दुसऱ्याच्या अंगावर येतो.

मग चांगली रचना कोणती? फिटर मंडळींच्या तोंडून आम्ही जे ऐकले ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, झिजणारा भाग वेगळा असावा आणि एकट्याने सुटावा. शेतकऱ्याला हे सांगायला नको. नांगराचा फाळ झिजला म्हणून कोणी नांगर मोडीत काढत नाही. बोल्ट काढून फाळ तेवढा बदलतो. खाणीवरच्या खडी क्रशरच्या जबड्याची पट्टी खालच्या टोकाला आधी झिजते, म्हणून कित्येक क्रशरांत ती उलटी करून पुन्हा लावता येते. फायब्रायझरच्या हातोड्याचेही तसेच. एक कड झिजली की फिरवून दुसरी वापरावी.

दुसरी गोष्ट, एक भाग काढताना बाकीच्यांना हलवावे लागू नये. ज्या सांगाड्याला बाजूची टोपणे असतात आणि ती उघडून खालचा रोलर आडवा बाहेर ओढता येतो, तिथे वरच्या रोलरला हात लावण्याचे कारण पडत नाही. जिथे तशी सोय नाही तिथे एका ब्राससाठी अर्धी मिल उतरावी लागते. जितके टन अधिक उचलावे, तितक्या वेळा माणूस टांगलेल्या ओझ्याखाली जातो.

तिसरी गोष्ट उचलण्याची. जड भागाला साखळी अडकवण्यासाठी मुळातच कडी असावी, आणि ती भागाचा तोल राहील अशा जागी असावी. क्रेनचा आकडा त्या जागेच्या बरोबर वर येतो की नाही, हे इमारत बांधण्यापूर्वी पाहावे. आकडा हातभर अलीकडे राहतो, मग पहार आणि घण निघतात आणि ओझे तिरके ओढले जाते. अपघाताची सुरुवात तिथून होते.

चौथी गोष्ट उभे राहण्याची. माणसाला पाय ठेवायला जागा हवी, पाना पुरता फिरायला जागा हवी आणि हात काय करतो आहे ते डोळ्यांना दिसायला हवे. यात शास्त्र फारसे नाही, पण नकाशावर माणूस काढलेला नसतो म्हणून हीच गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट थांबवण्याची. फायब्रायझरची वीज तोडली तरी त्याचा जड दांडा पुष्कळ वेळ फिरतच राहतो. आवाज कमी झाला म्हणून झाकण उघडणाऱ्याचा हात जातो. दांडा पुरता थांबल्याशिवाय झाकण उघडूच नये अशी अडसर यंत्रातच बसवता येते. तसेच वीज तोडण्याच्या जागी प्रत्येक कामगाराला आपापले कुलूप लावता आले पाहिजे, आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. आत चार माणसे असतील तर चार कुलपे. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत कोणाच्या हुकुमाने यंत्र सुरू होता कामा नये.

आता कायद्याकडे वळू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा अशी एक मागणी होती. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. हे दोन्ही अपघात झाल्यानंतरचे विचार. १९४८ च्या कारखाने कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. धोक्याच्या भागांना कुंपण हवे असे त्याने सांगितले. त्याच्या २६ व्या कलमाने तर यंत्र विकणाऱ्यालाही धरले: फिरत्या दांड्यावरचे उघडे बोल्ट आणि दातेरी चाके झाकल्याशिवाय यंत्र विकणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. मात्र २२ व्या कलमात चालू यंत्राजवळ जाणाऱ्याने घट्ट कपडे घालावेत असे सांगितले. त्याला तिथे जावेच का लागते, हे विचारले नाही. आजही रोलरचे दात खरखरीत करण्यासाठी मिल फिरत असतानाच त्यांवर वेल्डिंग करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. युरोपच्या देशांनी २००६ साली यंत्रांविषयी जो आदेश काढला, त्यात मात्र नेमके हे आले, की दुरुस्तीच्या जागा धोक्याच्या कक्षेबाहेर असाव्यात आणि दुरुस्ती यंत्र थांबवून करता यावी. आपल्या संसदेने २०२० साली जुन्या कायद्याच्या जागी नवी संहिता संमत केली. कायदे बदलतील, पण भरपाईकडून कुंपणाकडे आणि कुंपणाकडून नकाशाकडे, हीच वाट योग्य आहे.

कोणी म्हणेल, अशी यंत्रे महाग पडतात. तर हिशेब करू. दिवसाला २५०० टन गाळणारी मिल आठ तास बंद पडली, तर सुमारे ८३० टन ऊस खोळंबतो. एका ट्रॅक्टरमागे २० टन धरले तर चाळीसहून अधिक ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात उभे राहतात. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा असे म्हणतात, ते उगाच नव्हे. उन्हात तो वाळतो आणि वजन उतरते; ते नुकसान शेतकऱ्याचे. त्यातली साखर मोडून उतारा घटतो. ते नुकसान आधी कारखान्याचे आणि मग दराच्या रूपाने पुन्हा शेतकऱ्याचेच. आपल्या भागात उतारा बारा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून तर प्रत्येक खोळंबलेला तास आपल्याला अधिक महाग पडतो. शिवाय ऊस दारात उभा असला की साहेब घाई करतात आणि घाईत बोटे जातात. फिटरचे बोट आणि शेतकऱ्याचा उतारा एकाच खात्यावर लिहिलेले आहेत.

हे काम कोल्हापूरला अवघड नाही. उद्यमनगरात लेथवर वाढलेली माणसे इथे आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत. यंत्र हातात धरून समजून घेण्याची या गावाची परंपरा आहे. उणीव आहे ती विचारण्याची.

म्हणून आमची विनंती अशी. आपणांपैकी पुष्कळजण सहकारी कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत नव्या मिलचा किंवा विस्ताराचा विषय निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारा. एक, सर्वांत जास्त झिजणारा भाग बदलायला किती तास आणि किती माणसे लागतात, हे निविदेत लिहून घेतले आहे काय? दोन, तो भाग काढण्यासाठी दुसरे कोणते भाग हलवावे लागतात? तीन, नकाशावर सही होण्यापूर्वी तो मिलघरातल्या फिटरांना दाखवला काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पहिल्या दोहोंची उत्तरे ऐकण्यात फारसा अर्थ नाही.

फिटरला इंग्रजी नकाशा वाचता येत नसेल. तो वाचायला शिकवता येतो; आमच्या संघटनेच्या रात्रीच्या वर्गात कित्येकजण शिकले. आणि शिकला नाही तरी त्याच्या हातात खडू द्या. तो फरशीवर दाखवील.